इंग्रजी संख्यांचे वाचन आणि लेखन : व्याकरण, मुद्रणसंकेत आणि भारतीय व्यवहार

१. प्रस्तावना

इंग्रजीच्या अध्यापनात काळ, प्रयोग आणि शब्दयोगी अव्यये यांना जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढे संख्यांना दिले जात नाही. संख्या हा गणिताचा विषय आहे आणि इंग्रजीत एक ते शंभर पाठ झाले की तो संपला, असा एक समज त्यामागे असावा. प्रत्यक्षात महाविद्यालयीन पातळीवर संख्यांच्या वाचनलेखनाचा प्रश्न रोज उभा राहतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ताळेबंदातील रक्कम इंग्रजीत वाचून दाखवितो, विज्ञान शाखेचा विद्यार्थी दशांश अपूर्णांक उच्चारतो, संशोधक प्रबंधात ‘सात गावे’ अक्षरांत लिहावीत की अंकांत याचा विचार करतो आणि परीक्षक या सर्वांचे मूल्यमापन करतो. ‘टू हंड्रेड अँड फाइव्ह’ आणि ‘टू हंड्रेड फाइव्ह’ यांपैकी बरोबर कोणते? ‘दहा’ हा आकडा अक्षरांतच लिहावा काय? ‘लाख’ हा शब्द इंग्रजी लेखनात चालतो काय? अशा प्रश्नांची उत्तरे बहुधा एका शब्दात, ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी दिली जातात.

प्रस्तुत लेखात या उत्तरांमागील गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. इंग्रजी संख्यांविषयी जे ‘नियम’ सांगितले जातात ते एकाच उगमातून आलेले नाहीत. त्यांतील काही भाषेच्या रचनेचे नियम आहेत, काही छापखान्यांनी आणि वृत्तसंस्थांनी ठरविलेले संकेत आहेत, तर काही निरनिराळ्या देशांतील व्यवहाराच्या सवयी आहेत. या तिन्हींना व्याकरणाचा एकच दर्जा दिल्यामुळे अध्यापनात दुहेरी हानी होते. जेथे खरोखर चूक आहे तेथे दुर्लक्ष होते आणि जेथे केवळ पर्याय आहे तेथे गुण कापले जातात.

२. व्याकरणग्रंथांतील संख्येचे स्थान

भारतातील कित्येक पिढ्या रेन आणि मार्टिन यांच्या ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ या ग्रंथावर वाढल्या. त्यात संख्यावाचक शब्द विशेषणांच्या प्रकरणात येतात. तेथे निश्चित, अनिश्चित आणि विभागवाचक असे त्यांचे वर्गीकरण केलेले आहे. संख्येशी संबंधित दुसरी महत्त्वाची सूचना नामांच्या वचनविचारात येते. संख्यावाचक शब्दानंतर आलेले ‘पेअर’, ‘डझन’, ‘स्कोअर’, ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’ यांसारखे शब्द अनेकवचनातही तसेच राहतात, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे एकाच विषयाचे दोन भाग दोन प्रकरणांत विभागले गेले आहेत. त्यांना जोडण्याचे काम शिक्षकावर सोपविलेले आहे.

मराठी शालेय व्याकरणात संख्याविशेषणांचे गणनावाचक, क्रमवाचक, आवृत्तिवाचक, पृथक्त्ववाचक आणि अनिश्चित असे प्रकार शिकविले जातात. ही विभागणी अधिक सूक्ष्म आहे. ‘दुप्पट’, ‘तिहेरी’ हे आवृत्तिवाचक आणि ‘एकेक’, ‘दहा-दहा’ हे पृथक्त्ववाचक शब्द मराठीत जितक्या सहजतेने येतात, तितक्या सहजतेने इंग्रजीत येत नाहीत. ‘मुलांना दहा-दहा रुपये दिले’ या वाक्यातील द्विरुक्तीचे काम इंग्रजीत ‘ईच’ या शब्दाला करावे लागते. उलट इंग्रजीतील ‘थ्राइस’ हा शब्द ब्रिटनमध्ये जुनाट वाटतो, पण भारतीय इंग्रजीत तो अद्याप रोजच्या वापरात आहे.

दोन्ही व्याकरणपरंपरांनी संख्येचे वर्गीकरण केले, ही त्यांची जमेची बाजू होय. परंतु संख्या अंकी लिहावी की अक्षरी, स्वल्पविराम कोठे द्यावा, शून्य कसे उच्चारावे, हे प्रश्न वर्गीकरणाच्या चौकटीत बसणारे नाहीत. त्यांची उत्तरे व्याकरणग्रंथांबाहेर शोधावी लागतात. ती बाहेरून आणल्यानंतर त्यांवर व्याकरणाचा शिक्का मारला जातो आणि गोंधळाचा आरंभ येथे होतो.

३. भाषेचा नियम : संख्याशब्दांची रचना

प्रथम जे खरोखर भाषेच्या रचनेचे आहे त्याचा विचार करणे योग्य ठरेल. इंग्रजीतील ‘इलेव्हन’ आणि ‘ट्वेल्व्ह’ या शब्दांची मूळ रूपे ‘दहा काढून एक उरला’, ‘दहा काढून दोन उरले’ अशा अर्थाची आहेत. ‘थर्टीन’पासून ‘नाइन्टीन’पर्यंत एकक आधी आणि दहा नंतर असा क्रम आहे. ‘ट्वेन्टी-वन’पासून मात्र दशक आधी आणि एकक नंतर येतो. प्राचीन इंग्रजीत एकवीसपासून पुढेही एकक आधी येत असे. आजच्या जर्मन भाषेत तो क्रम तसाच टिकून आहे. इंग्रजीत तो पुढील शतकांत हळूहळू मागे पडला आणि बालगीतांत व जुन्या कवितांत अवशेषरूपाने राहिला. मराठीतील ‘एकवीस’, ‘बावीस’ हे शब्द संस्कृतातील ‘एकविंशति’, ‘द्वाविंशति’ यांच्या परंपरेतील असल्यामुळे एकक आधी ठेवतात.

या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या वादाकडे पाहता येते. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात रूढ संख्याशब्दांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती देण्यात आली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले, तर अनेकांनी तिला भाषेवरील आघात मानले. वादात इंग्रजीच्या सुबोध संख्यारचनेचा दाखला वारंवार दिला गेला. तो अर्धाच खरा होता. वीसनंतर इंग्रजी रचना सरळ आहे, परंतु अकरा ते एकोणीस या टप्प्यात तिच्यातही अपारदर्शकता आणि उलटा क्रम आहे. शिकणाऱ्याच्या अडचणीचे स्थान भाषेगणिक वेगळे असते, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

मराठी भाषकाची इंग्रजी संख्यांतील खरी अडचण या दोन रचनांच्या संधीवर आहे. ‘एकोणसाठ’ या शब्दात ‘साठ’ ऐकू येते. त्यामुळे ५९ ऐवजी ‘सिक्स्टी-नाइन’ असा उच्चार होण्याचा संभव असतो. ‘एकोण’ म्हणजे एक उणा, हा वजाबाकीचा व्यवहार इंग्रजी संख्याशब्दांत मुळीच नाही. इंग्रजीच्या बाजूने पाहिले तर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतील भेद मुख्यतः आघातावर उभा आहे. पंधराच्या शब्दात आघात सामान्यतः शेवटच्या अवयवावर, तर पन्नासच्या शब्दात तो पहिल्या अवयवावर असतो. मराठीत ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ हे ध्वनीने दूरचे शब्द असल्याने मराठी कानाला या भेदाची सवय नसते. दूरध्वनीवर रक्कम सांगताना होणारी फसगत या एका आघाताची असते. असे असूनही हा आघात वर्गात क्वचितच शिकविला जातो.

वचनाचे नियमही या गटात येतात. ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज’ यात ‘हंड्रेड’ एकवचनी राहतो, पण ‘शेकडो लोक’ या अर्थी ‘हंड्रेड्स’ होतो. दहा रुपयांच्या नोटेला इंग्रजीत ‘टेन-रुपी नोट’ म्हणतात, ‘टेन-रुपीज नोट’ नव्हे. मराठीत ‘दहा रुपयांची’ असे अनेकवचनी सामान्यरूप येत असल्याने ही चूक सहज घडते. ‘पंचवार्षिक योजना’ या मराठी समासातील एकजीवपणा इंग्रजीत ‘फाइव्ह-इयर’ या जोडशब्दात आहे, हे सांगितले तर नियम लक्षात राहतो. रक्कम एकसंध मानली की तिचे क्रियापद इंग्रजीत एकवचनी होते, मराठीत मात्र ‘दहा हजार रुपये पुरेसे आहेत’ असेच म्हटले जाते. ‘दीड’, ‘अडीच’, ‘सव्वा’, ‘पावणे’ या शब्दांनी मराठीला दिलेली संक्षिप्तता इंग्रजीत नाही. म्हणून ‘दीड तास’ सांगताना ‘वन अँड अ हाफ अवर्स’ अशी लांब आणि अनेकवचनी रचना करावी लागते. त्यातील ‘अ’ गाळून ‘वन अँड हाफ’ म्हणणे ही भारतीय वर्गांतील नेहमीची चूक आहे.

दशांश अपूर्णांकाचे वाचनही या गटातच ठेवले पाहिजे. ३.१४ ही संख्या इंग्रजीत ‘थ्री पॉइंट वन फोर’ अशी अंकशः वाचली जाते. ‘थ्री पॉइंट फोर्टीन’ असे वाचल्यास ३.९ पेक्षा ३.१४ मोठी असल्याचा भास होतो, कारण चौदा हे नवापेक्षा मोठे आहेत. येथे उच्चाराची चूक गणिताच्या चुकीला जन्म देते. रुपये-पैशांचे वाचन याला अपवाद आहे, कारण ३.५० रुपये म्हणजे तीन रुपये आणि पन्नास पैसे या दोन स्वतंत्र संख्या होत. क्रिकेटमधील १४.३ षटके तर दशांश नव्हेतच. ती चौदा षटके आणि तीन चेंडू होत. सारखे दिसणारे बिंदू तीन ठिकाणी तीन अर्थ धारण करतात, हे दाखवून दिले तर वाचनाचा नियम आपोआप समजतो.

या सर्व बाबींत चूक ही चूकच आहे. येथे परीक्षकाने कठोर राहणे योग्य होय.

४. छापखान्याचा संकेत : अंकी की अक्षरी?

संख्या अंकांत लिहावी की शब्दांत, हा इंग्रजी लेखनातील सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रश्न आहे. त्याची उत्तरे देणाऱ्या ग्रंथांचा उगम पाहिला तर त्यांचा अधिकार कोणत्या प्रकारचा आहे हे स्पष्ट होते. ऑक्सफर्ड विद्यापीठ मुद्रणालयात होरेस हार्ट यांनी १८९३ मध्ये जी नियमावली तयार केली ती तेथील खिळे जुळविणाऱ्या कारागिरांसाठी आणि मुद्रितशोधकांसाठी होती. ती सर्वसामान्य वाचकांसाठी १९०४ मध्ये प्रसिद्ध झाली. १९०६ मध्ये प्रथम प्रकाशित झालेले ‘शिकागो मॅन्युअल’ हेही शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयातील अंतर्गत टिपणांतून वाढले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे शैलीपुस्तक १९५३ मधील आहे. हे ग्रंथ वैयाकरणांनी लिहिलेले नाहीत. एकाच पुस्तकात किंवा वृत्तपत्रात एकसारखेपणा राहावा, या व्यावहारिक गरजेतून ते निर्माण झाले.

म्हणूनच त्यांच्यात मतभेद आहेत आणि ते असणे स्वाभाविक आहे. ‘शिकागो’चा सर्वसाधारण नियम शंभरपर्यंतच्या संख्या शब्दांत लिहावयास सांगतो. असोसिएटेड प्रेस नऊपर्यंत शब्द आणि दहापासून अंक अशी विभागणी करते. पहिल्या पद्धतीत ‘पंचेचाळीस गावे’ शब्दांत येतील, दुसरीत अंकांत. दोन्हींपैकी एकही ‘शुद्ध इंग्रजी’ची मक्तेदार नाही. पुस्तकाच्या पानावर सावकाश वाचणाऱ्याला शब्द अडत नाहीत. वृत्तपत्राच्या अरुंद रकान्यात मात्र अंक जागा वाचवितो आणि नजरेत भरतो. वाक्याचा प्रारंभ अंकाने करू नये, हा संकेतही असाच आहे. इंग्रजीत वाक्यारंभीचे अक्षर मोठ्या लिपीत असते. अंकाला मोठे-लहान रूप नसल्याने नवे वाक्य सुरू झाल्याची खूण तेथे पुसट होते. असोसिएटेड प्रेसने या संकेतातून सनावळीला सूट दिली आहे. ज्या नियमाला सोयीनुसार सूट देता येते तो भाषेचा नियम नव्हे, संकेत होय.

साहित्यकृतींत हा संकेत अर्थाला स्पर्श करतो. जॉर्ज ऑर्वेल यांच्या १९४९ मधील कादंबरीचे शीर्षक पहिल्या आवृत्तीवर ‘नाइन्टीन एटी-फोर’ असे शब्दांत छापले होते. पुढे ते सर्रास अंकांत लिहिले जाऊ लागले. शब्दांतील शीर्षक वाचकाला उच्चारावे लागते, अंकांतील शीर्षक दिनदर्शिकेच्या पानासारखे दिसते. जोसेफ हेलर यांच्या १९६१ मधील ‘कॅच-२२’मध्ये अंकच हवा, कारण तो एखाद्या नियमावलीतील कलमाचा क्रमांक असल्याचा आभास निर्माण करतो. रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या १९५३ मधील कादंबरीतील अंकाला तापमापीची कोरडी अचूकता आहे. शंभराच्या आतील २२ ला शब्द आणि वरील ४५१ ला अंक, असा यांत्रिक न्याय या शीर्षकांना लावता येत नाही. लेखकाने निवडलेले रूप हा कृतीचा भाग असतो. भाषांतरकारांनी आणि समीक्षकांनी ते जपले पाहिजे.

व्यवहारात अंकी आणि अक्षरी या दोन रूपांचे मूल्य वेगळे असते, याला मोठा इतिहास आहे. भारतात विकसित झालेली दशमान अंकपद्धती अरबांमार्फत युरोपात गेली. पिसाच्या लिओनार्दो अर्थात फिबोनाची याच्या १२०२ मधील ‘लिबेर अबाची’ या ग्रंथाने तिचा पुरस्कार केला. तरीही १२९९ मध्ये फ्लॉरेन्समधील सराफांच्या संघाने आपल्या सभासदांना हिशेबवह्यांत हे अंक वापरण्यास मनाई केली. अंकात फेरफार करणे सोपे असते, ही शंका आजही कायद्यात दिसते. भारतातील ‘निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१’ अर्थात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ नुसार रक्कम अंकांत एक आणि अक्षरांत दुसरी असेल तर अक्षरांतील रक्कम ग्राह्य धरली जाते. मराठीत ‘अक्षरी रुपये’ लिहून शेवटी ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ घालण्याची आणि इंग्रजी धनादेशावर ‘ओन्ली’ लिहिण्याची प्रथा या सावधगिरीतूनच आहे. पुढे आणखी शब्द जोडता येऊ नये, हा तिचा हेतू. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘फॉर्टी’ हा शब्द ‘फोर’मधील ‘यू’ हे अक्षर गाळून लिहावा, हे सांगणे आवश्यकच आहे. परंतु त्याने लिहिलेला शब्द कायद्याच्या दृष्टीने अंकापेक्षा वरचढ आहे, हे सांगणे त्याहून आवश्यक आहे.

५. प्रांतभेद : ‘अँड’, ‘बिलियन’ आणि शून्य

तिसरा गट देशोदेशींच्या सवयींचा आहे. शतकानंतर ‘अँड’ घालणे ही ब्रिटिश रीत आहे. अमेरिकेत तो पुष्कळदा गाळला जातो आणि तेथील अनेक शाळांत ‘अँड’ हा शब्द दशांशचिन्हासाठी राखून ठेवावा असे शिकविले जाते. भारतीय शिक्षणाने ब्रिटिश रीत स्वीकारली, एवढ्याने अमेरिकन रीत अशुद्ध ठरत नाही. एका उत्तरपत्रिकेत दोन्हींची सरमिसळ झाली तर ती दाखवून द्यावी, पण सातत्याने वापरलेल्या एका रीतीला चूक म्हणू नये.

‘बिलियन’चे उदाहरण अधिक गंभीर आहे. ब्रिटनमध्ये परंपरेने या शब्दाचा अर्थ दशलक्ष गुणिले दशलक्ष, म्हणजे एकावर बारा शून्ये असा होता. अमेरिकेत तो एकावर नऊ शून्ये असा होता. १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी शासकीय व्यवहारात नऊ शून्यांचा अर्थ वापरला जात असल्याचे संसदेत स्पष्ट केले आणि पुढे तोच रूढ झाला. मराठीत सांगावयाचे तर आजचा ‘बिलियन’ म्हणजे एक अब्ज किंवा शंभर कोटी, जुना ब्रिटिश ‘बिलियन’ म्हणजे लाख कोटी. जर्मनसारख्या भाषांत या शब्दाचा बारा शून्यांचा अर्थ अद्याप चालतो. महाविद्यालयीन ग्रंथालयांत जुनी ब्रिटिश पुस्तके पुष्कळ असतात. त्यांतील आकडा तपासल्याविना उतरवून घेतल्यास हजारपटीची चूक होऊ शकते. अशा ठिकाणी शब्दाचे स्पेलिंग बरोबर असूनही विधान सर्वस्वी चुकीचे ठरते.

शून्याची इंग्रजीतील नावे हा सवयींचा उत्तम नमुना आहे. संस्कृत ‘शून्य’चे अरबी भाषांतर ‘सिफ्र’ झाले. त्यातून इंग्रजीत ‘सायफर’ आणि ‘झीरो’ हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आले. त्याखेरीज दूरध्वनी क्रमांकात ‘ओ’, फुटबॉलमध्ये ‘निल’, टेनिसमध्ये ‘लव्ह’ आणि क्रिकेटमध्ये फलंदाजाच्या भोपळ्याला ‘डक’ म्हणतात. यांतील कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. तो प्रसंगाने ठरतो. सनाचे वाचनही असेच आहे. १९०५ हे ‘नाइन्टीन ओ फाइव्ह’ होते, २०१० नंतरची वर्षे ‘टू थाउजंड’ने किंवा ‘ट्वेन्टी’ने सुरू होतात आणि दोन्ही प्रकार शिष्टसंमत आहेत. मराठीतील ‘एकोणीसशे पाच’ या रचनेत ‘शे’ टिकतो, म्हणून मराठी भाषकाच्या तोंडी ‘नाइन्टीन हंड्रेड अँड फाइव्ह’ येते. ते औपचारिक वाटते, पण अशुद्ध नाही.

६. लाख, कोटी आणि भारतीय इंग्रजी

भारतीय प्राध्यापकांच्या दृष्टीने सर्वांत कळीचा प्रश्न लाख-कोटीचा आहे. ‘लॅख’ आणि ‘क्रोअर’ हे शब्द इंग्रजीत घुसखोरी करून आलेले भारतीय शब्द आहेत आणि प्रमाण लेखनात ते टाळावेत, अशी समजूत अनेक ठिकाणी आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशात या दोन्ही शब्दांच्या नोंदी आहेत. ब्रिटिश अमदानीतील महसुली व्यवहारात ते रुळलेले होते. आज भारताचा अर्थसंकल्प, बँकांचे व्यवहार आणि इंग्रजी वृत्तपत्रे याच परिमाणांवर चालतात. त्यामुळे त्यांना अशुद्ध म्हणणे म्हणजे एका संपूर्ण देशाच्या इंग्रजीला अशुद्ध म्हणणे होय.

या शब्दांबरोबर स्वल्पविरामाची वेगळी जागाही येते. सव्वा कोटी ही संख्या भारतीय पद्धतीने १,२५,००,००० अशी, तर पाश्चात्त्य पद्धतीने १२,५००,००० अशी लिहिली जाते. पहिल्या पद्धतीत शेवटचे तीन अंक सोडून पुढे दोन-दोनांचे गट होतात, कारण मराठी-हिंदी संख्यानामे हजारानंतर शंभरपटीने वाढतात. दुसऱ्या पद्धतीत गट तीन-तीनांचे असतात, कारण तेथील नामे हजारपटीने वाढतात. स्वल्पविराम म्हणजे संख्येचे नाव वाचण्यासाठी दिलेली विश्रांतीची जागा आहे. ज्या नावांनी संख्या वाचावयाची त्या नावांशी तो जुळला पाहिजे. म्हणून ‘क्रोअर’ लिहून तीन-तीनांचे गट करणे किंवा ‘मिलियन’ लिहून दोन-दोनांचे गट करणे हा खरा दोष आहे. युरोपातील अनेक देशांत तर स्वल्पविराम हे दशांशचिन्ह आहे. हा गोंधळ टाळण्यासाठी वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय महापरिषदेने २००३ मध्ये दशांशासाठी बिंदू किंवा स्वल्पविराम यांपैकी कोणतेही चिन्ह मान्य केले आणि अंकांच्या गटांमध्ये मात्र यांपैकी काहीही न वापरता मोकळी जागा सोडावी, या पूर्वीच्या ठरावाचा पुनरुच्चार केला. विज्ञानविषयक शोधनिबंधांसाठी ही सूचना मोलाची आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचा वाचक ‘लॅख’ समजणार नाही, मग विद्यार्थ्यांना तो शब्द का वापरू द्यावा? आक्षेपात तथ्य आहे, पण तो शब्दाच्या शुद्धतेविषयी नसून वाचकाविषयी आहे. जिल्हा परिषदेच्या खर्चावर पुण्यातील वाचकासाठी लिहिलेल्या इंग्रजी अहवालात ‘मिलियन’ वापरणे तितकेच अडचणीचे ठरेल. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन आणि लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन, हे चार संबंध पक्के असले की विद्यार्थी वाचक पाहून पद्धत निवडू शकतो. निवडीची ही क्षमता देणे हे अध्यापनाचे काम आहे, एक पद्धत पुसून टाकणे नव्हे.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३४३ मध्ये संघराज्याच्या शासकीय प्रयोजनांसाठी ‘भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप’ स्वीकारले आहे. या शब्दयोजनेत एक मोठे ऐतिहासिक सत्य सामावले आहे. इंग्रजी अंक म्हणून जे ओळखले जातात ते मुळात इंग्रजी नाहीत. ते भारतातून बाहेर गेले आणि रूप पालटून परत आले. तेव्हा इंग्रजी संख्यालेखनात भारतीय व्यवहाराला स्थान मागणे ही सवलतीची याचना ठरत नाही.

७. अध्यापन आणि मूल्यमापन

वरील विवेचनावरून मूल्यमापनासाठी एक साधे तत्त्व मांडता येते. संख्येविषयीची त्रुटी दिसली की परीक्षकाने प्रथम ती कोणत्या गटातील आहे हे ठरवावे. ‘टेन-रुपीज नोट’, ‘वन अँड हाफ’, ‘थ्री पॉइंट फोर्टीन’ किंवा एकोणसाठच्या जागी ‘सिक्स्टी-नाइन’ या भाषेच्या चुका आहेत आणि तेथे गुण कापणे न्याय्य आहे. अंकी-अक्षरी निवड हा संकेत आहे. तेथे विभागाने किंवा विद्यापीठाने एक शैली आधी जाहीर करावी आणि तिचे सातत्य तपासावे. जाहीर न केलेल्या नियमासाठी दंड करणे अन्यायाचे होय. ‘अँड’, सनाचे वाचन आणि लाख-कोटी या सवयी आहेत. तेथे फक्त सरमिसळ हा दोष मानावा.

एवढी मोकळीक दिल्यास विद्यार्थी गोंधळेल, त्याला एकच नियम हवा असतो, असे प्रतिपादन केले जाते. प्रारंभीच्या वर्गांपुरते ते मान्य करता येईल. महाविद्यालयातील विद्यार्थी मात्र एकाच दिवशी अमेरिकन पाठ्यपुस्तक, ब्रिटिश संदर्भग्रंथ आणि भारतीय वृत्तपत्र वाचतो. तिन्हींत त्याला तीन रीती दिसतात. एकच रीत खरी असे त्याला सांगितले, तर दोन ठिकाणी छापलेले इंग्रजी चुकीचे आहे असे त्याने मानावे लागेल किंवा शिक्षकाचे म्हणणे तरी बाजूला ठेवावे लागेल. गोंधळ पर्यायांमुळे होत नाही. पर्यायांना चुका म्हटल्यामुळे तो होतो.

८. समारोप

इंग्रजीत मूळचा ‘दुसरा’ या अर्थाचा क्रमवाचक शब्द ‘अदर’ हा होता. फ्रेंचमधून ‘सेकंड’ आल्यानंतर ‘अदर’कडे केवळ ‘अन्य’ हा अर्थ उरला. मराठीतील ‘दुसरा’ मात्र आजही दोन्ही अर्थ सांभाळतो. क्रमाने पहिल्यानंतर येणारा तोही दुसरा आणि निराळा असणारा तोही दुसरा. इंग्रजी संख्यांच्या अध्यापनात नेमका हा भेद विसरला जातो. जे केवळ निराळे आहे ते क्रमाने खालचे समजले जाते.

भाषेचा नियम, मुद्रणाचा संकेत आणि व्यवहाराची सवय यांचे दर्जे वेगळे ठेवले तर इंग्रजी संख्यांचे अध्यापन अधिक काटेकोर होईल, सैल होणार नाही. आघात, वचन, दशांशवाचन आणि परिमाणांचे रूपांतर या खऱ्या अडचणींना मग वर्गात वेळ मिळेल. धनादेशावरील अक्षरी रकमेला न्यायालयात किंमत असते आणि शोधनिबंधातील एका ‘बिलियन’ने निष्कर्ष हजारपटीने बदलतो. इतके महत्त्व असलेल्या विषयाची तपासणी केवळ ‘अँड’ राहिला की नाही एवढ्यावर थांबणे उच्चशिक्षणाला परवडणारे नाही.